मेकॅनिकच्या सहीचा कागद

"कुंदाताई, कागद गेला!" फोनवर अक्षताचा आवाज फाटला होता.

दिंडोशीच्या करसल्लागार कुंदाताई तासाभरात साकीनाक्याच्या गाळ्यात पोहोचल्या. अक्षता इथे दारावरच्या पाट्या कोरून ऑनलाइन विकायची. पहिली पाटी विकली डिसेंबरात. पण भाडं, मशीन, वेबसाइट हा खर्च सप्टेंबरपासूनचा. धंदा सुरू नसताना तो उत्पन्नातून वजा कसा केला, असं आयकर खात्यानं विचारलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मशीन सप्टेंबरातच बसलं, धंदा तेव्हाच तयार होता, याला पुरावा एकच: मशीन बसवून चालू करून दिल्याचा, मेकॅनिकच्या सहीचा कागद. आणि मेकॅनिकची कंपनी तर कधीच बंद पडलेली.

फाईल जागेवर होती. पावत्याही सगळ्या होत्या. नेमका तोच कागद नव्हता.

कुंदाताईंनी पावत्या चाळल्या. "वेबसाइटचे पंचेचाळीस हजार घेणारी ही मृणालिनी कोण?"

"माझी जाऊ," अक्षता पुटपुटली.

गाळ्याची चावी आणखी दोघांकडे होती. भांडून वेगळा झालेला भागीदार देवेश आणि मावसबहीण श्रुतिका. कुंदाताईंनी दोघांना बोलावून एवढंच सांगितलं, "फाईल चोरीला गेलीय."

"मला काय विचारता?" देवेश उखडला. "पावत्यांच्या झेरॉक्स आहेत माझ्याकडे. हव्यात तर न्या."

"वाट लागली ना!" श्रुतिका म्हणाली. "पावत्या मिळतील परत. मेकॅनिकचा कागद कुठून आणणार?"

कुंदाताईंनी पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली.

"फाईल गेलीच नाही, श्रुतिका. गेला तो एकच कागद. देवेशला पावत्या आठवल्या, कुणालाही त्याच आठवतील. तुला तो कागद आठवला. वेबसाइट कुणी बनवली गं?"

श्रुतिकाचा चेहरा लाल झाला. "मी! चार महिने, फुकट. भागीदारी देते म्हणाली होती ही. नोटिशीसाठी कागद लावताना पावती दिसली. माझ्या कामावर हिच्या जावेचं नाव!"

"खोटी पावती मी जोडणार नाही," कुंदाताईंनी अक्षताला सुनावलं.

श्रुतिकानं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "भागीदार म्हणून माझं नाव लाव. आत्ता. मग हा तुझा."

अक्षता कागदाकडे बघत राहिली.

"सगळा कर भरीन," ती म्हणाली. "पण तुझं नाव? मेले तरी नाही."

श्रुतिका हसली. अक्षताच्या डोळ्यांत बघत तिनं कागद सावकाश फाडला. कुंदाताईंचा हात पोहोचेपर्यंत त्याचे आठ तुकडे झाले होते.