कुलूपबंद लिफ्टचा मास्तर

लिफ्ट चालू होती! बिघडलेली नाही, चांगली ठणठणीत चालू होती... आणि ही बातमी तिला कळली तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर. म्हणजे भलीमोठी बॅग जिन्यावरून ओढून, ओढणी चाकात अडकवून, घामानं न्हाऊन निघाल्यावर.

"वर्गाच्या दिवशी मी लिफ्टला कुलूप लावतो," जिन्याच्या टोकाशी चहा पीत उभा असलेला तरुण शांतपणे म्हणाला. "परदेशात हमाल मिळेलच असं नाही. स्वतःला उचलता येते तीच आपली बॅग."

तिनं चाकातली ओढणी हिसकून काढली. आणि तिनं एवढ्यावरच भागवलं, हे तिच्या बडबडीला कंटाळलेल्या घरच्यांना पटलं नसतं!

पुढचा धक्का पाच मिनिटांत बसला. पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांसाठी ट्रॅव्हल कंपनी दर शनिवारी वर्ग घ्यायची, आणि तो वर्ग घेणारा मास्तर म्हणजे हाच आगाऊ प्राणी. ती फिजिओथेरपिस्ट होती; परदेशातल्या एका हॉस्पिटलात दोन वर्षांची नोकरी लागली होती, म्हणून इथे आली होती. मास्तरनं सगळ्यांदेखत तिची बॅग उघडली आणि आतून लोखंडी इस्त्री काढली.

"तिकडे इस्त्री मिळत नाही, असं कोणी सांगितलं?"

"माझ्या आत्यानं."

"आणि आत्याला?"

"आत्याला कोणी काही सांगत नाही. आत्याच सांगते."

वर्ग खो खो हसला. मास्तरही हसला, आणि त्याच्या डाव्या गालावर एक खळी पडली. अशा माणसाला खळी कशाला दिली असेल देवानं, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून ती झाली 'इस्त्रीबाई'.

मास्तर शिकवायचा मात्र झकास. पासपोर्टची एक प्रत दुसऱ्या बॅगेत ठेवा, एक घरी. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. एक जोड कपडेही तिथेच. मोठी बॅग कधी दुसऱ्याच देशात उतरते. सगळे पैसे विमानतळावर बदलू नका. आणि पासपोर्ट तपासणाऱ्या काउंटरवर साहेबानं विचारलं तेवढंच बोला. हे सांगताना तो हमखास तिच्याकडे बघायचा.

तिकडच्या प्लगच्या पिना कशा असतात, हे तिला पहिल्याच खेपेला कळलं होतं. तरी ती दर शनिवारी विचारायची. तोही दर शनिवारी वर्ग सुटल्यावर प्लग हातात घेऊन समजावून सांगायचा... सावकाश, जणू फार अवघड विषय आहे.

"समजलं?"

"अंहं... अजून नाही."

बॅग हलकी होत गेली आणि जीव जड. सोमवारी विमान होतं. तो काही बोलेल, या आशेवर ती शेवटच्या शनिवारी आली.

त्या दिवशी काउंटरवरच्या चौकशीचा सराव होता. टेबलामागे साहेब म्हणून मास्तर, हातात रबरी शिक्का. तिची पाळी आली.

"कशासाठी जाताय?"

"नोकरी."

"मुदत?"

"दोन वर्षं."

"इकडे परत येण्याचं कारण?"

आई-बाबा, घर... उत्तर तोंडपाठ होतं. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"तुम्ही."

मास्तरच्या हातून शिक्का निसटून टेबलाखाली गडगडला. तिचे कान तापले. आपण हे काय बोलून बसलो!

"सा... साहेब पुरावा मागतात," तो कसाबसा म्हणाला.

"मग द्या ना."

त्यानं वाकून शिक्का उचलला. आणि मग नजर खाली घालून म्हणाला, "पुढचे या."

पुढचे! थोबाडीत बसल्यासारखी ती उठली आणि तडक जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर मागून धाडधाड पावलं वाजली.

"इस्त्रीबाई, थांबा! माझी भीतीनं गाळण उडाली हो..."

"मी विचारलं तेवढंच सांगा," ती डोळे पुसत म्हणाली. "मी परत यावं, असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही."

"नाही?"

"म्हणजे माझ्यासाठी कॅलेंडर बघत तिथं दिवस काढावेत, असं नाही वाटत. तुम्ही मनापासून राहा तिथं. मीच येतो ना भेटायला! आवडता तुम्ही मला... फार. पण एक घोटाळा आहे."

"काय?"

"माझ्याकडे पासपोर्ट नाही."

ती पायरीवरच बसली. एवढ्या लोकांना विमानात बसवणारा माणूस स्वतः कधी विमानात चढला नव्हता!

"मग ते साहेब, ते प्लग... सगळी थाप?"

"थाप कशी? परत आलेला प्रत्येक जण इथं येऊन सांगतो. मी लक्षात ठेवतो. आणि मी गेलोय का, हे मला आजवर कोणी विचारलंच नाही."

तिला राग यायला हवा होता. आलं हसू. ती उठली, त्याचं मनगट धरलं आणि त्याला समोरच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेली. वर्ग वर खोळंबला तर खोळंबू दे.

पासपोर्टच्या फोटोत हसायचं नाही, असा नियम. पण मास्तरचं तोंड काही मिटेना. ती फोटोग्राफरच्या पाठीमागे उभी होती, आणि तिच्याकडे बघून त्याची खळी परत परत पडायची. फोटोग्राफर वैतागला. "अहो, दात दिसतायत! ताई, तुम्ही जरा बाहेर जा बघू."

ती बाहेर जाऊन उभी राहिली. पुढचाच फोटो नियमात बसला.

तिनं तो हातात घेऊन उजेडात धरला. चेहरा तोच, पण दिवा विझवल्यासारखा. ती नुसती दाराबाहेर गेली होती, तर हे असं! मग सोमवारी?

"बरा आलाय ना?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं तो फोटो त्याच्या हातात ठेवला. "हा सरकारला द्या," ती म्हणाली. "नापास झालेले सगळे मला."