चार नंबरच्या नळीचं झाकण

"भोंग्या, टेप हळू ओढ! आणि चिमणे, चपला घाल बघू आधी, काटे आहेत!"

फूटपट्टी बांधावरून ओरडली. तेरा वर्षांची, उंच, सरळसोट. म्हणून हे नाव. भोंगा तिचा धाकटा भाऊ. हळू बोलणं त्याला जमतच नसे. आणि चिमणी मावशीची आठ वर्षांची लेक.

सुट्टीत तिघांनी मोठं काम घेतलं होतं. कालव्याचं पाणी आल्यापासून गावातली शेतं खालून ओली राहू लागली होती. पाणी मुळांपर्यंत चढलं की मीठ वर येतं आणि जमीन नापीक होते. म्हणून गावातल्या काहीजणांनी निचरा मंडळ काढलं होतं. कुणालाही पगार नाही, सगळे हौसेनं राबणारे. जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते मोजायला त्यांनी शेतांत बारा नळ्या पुरल्या होत्या. दर शनिवारी झाकण काढायचं, टोकाला लोखंडी वाटी बांधलेला टेप आत सोडायचा, 'डुबुक' ऐकू आलं की आकडा वहीत लिहायचा. तिघांनी चार-चार नळ्या वाटून घेतल्या होत्या.

आज शनिवार नव्हता. चिमणीच सगळ्यांना ओढत घेऊन आली होती.

"हे बघा! आईच्या शेंगांखाली पीठ सांडलंय!"

खरंच, जमिनीवर पांढरा थर होता आणि वरचे वेल पिवळे पडले होते. चिमणीनं बोट लावून चाटलंसुद्धा.

"खारट!"

"थुंक! आधी थुंक! काहीही तोंडात घालतेस!" फूटपट्टीनं तिच्या हातावर बाटली रिकामी केली.

"पण मीठ कसं येईल?" भोंगा गरजला. "वहीत तर पाणी सात फूट खाली आहे! चल, इथली चार नंबरची नळी उघडू!"

"नको," फूटपट्टी पटकन म्हणाली. "ऊन फार आहे."

तोवर भोंगा नळीपाशी पोचलाही होता. झाकण हलेना. त्यावर आणि नळीवर मिळून कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, वाळून दगडासारखं झालेलं.

"म्हणजे कित्येक दिवस हे कुणी उघडलंच नाही!" भोंग्याचे डोळे विस्फारले. "पण ताई, तू तर दर शनिवारी येतेस! म्हणजे कुणीतरी आपली वही बदलली! कट आहे हा, कट!"

फूटपट्टीचे कान तापले. तिच्यावर संशय घ्यावा हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं!

चार नंबरची नळी सगळ्यात लांब. तीन शनिवार ती आपल्या बाकीच्या नळ्या मोजून मैत्रिणींबरोबर पोहायला गेली होती आणि तलावाच्या पायरीवर बसून चार नंबरचे आकडे लिहिले होते. सात फूट दोन इंच. सात फूट तीन. पुन्हा सात फूट दोन. खरं वाटावं म्हणून मुद्दाम एक इंच कमी-जास्त! तो एक इंच आता तिला सगळ्यात जास्त टोचत होता.

भोंग्यानं माती खरवडून झाकण काढलं. टेप आत जातो न जातो तोच, डुबुक!

"दोन फूट दोन इंच!"

बांधाकडेनं निचऱ्याचा चर होता. एरवी वाहणारा, आज काठोकाठ तुंबलेला. चिमणीचा हात घट्ट धरून फूटपट्टी काठानं चालली. पुढे मातीनं भरलेल्या गोण्यांनी चर चक्क बुजवला होता! गोण्यांवर मोटारसायकलच्या चाकाचे ताजे ठसे होते.

"पाच वाजता मंडळाची सभा आहे," भोंगा म्हणाला. "चोर तिथेच पकडू!"

पंपघराच्या ओट्यावर माणसं जमली होती. मंडळाचे प्रमुख, सगळ्यांचे काका, चष्मा सावरत वही वाचत होते.

"चार नंबर, सात फूट दोन इंच. म्हणजे निचरा उत्तम. तरी शेंगा पिवळ्या? बाई, तुम्हीच पाणी जास्त सोडताय. पुढच्या दोन पाळ्यांचं पाणी बंद!"

"दोन पाळ्या? सगळं पीक जाईल हो!" मावशीचा आवाज कापला. "मी ठरल्यापेक्षा एक मिनिटही जास्त घेतलं नाही."

"मग काय वही खोटं बोलते? पोरांनी उन्हातान्हात मोजलंय!"

"वही बदललीय!" भोंगा उसळला. "कुणीतरी—"

"कुणी नाही बदलली." फूटपट्टी उभी राहिली. "मीच खोटे आकडे लिहिले. तीन वेळा. मी गेलेच नव्हते."

भोंग्याचं तोंड उघडंच राहिलं. मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. रागावली असती तर बरं झालं असतं!

"लाज नाही वाटली?" काका कडाडले. "पाणी आता किती वर आहे?"

"दोन फूट. चरात गोण्या टाकून कुणीतरी वाट केलीय."

"कोण तो बेअक्कल?"

भोंग्याची नजर काकांच्या मोटारसायकलकडे गेली. चाकांना ओला चिखल! तो चिमणीच्या कानात काहीतरी पुटपुटला. म्हणजे अर्ध्या ओट्याला ऐकू गेलं, पण काका तावात होते.

"काका," चिमणी गोड आवाजात म्हणाली, "चरावरचा पूल तर केवढा लांब आहे! तरी तुम्ही सगळ्यांच्या आधी कसे आलात?"

"मधल्या वाटेनं! पाच मिनिटांत!" काका ऐटीत म्हणाले.

"मध्ये तर चर आहे ना?" मावशीनं विचारलं.

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"दोन दिवसांसाठीच टाकल्या होत्या गोण्या," ते हळूच म्हणाले. "खाली पाइप घालणार होतो. राहूनच गेलं."

मग सगळी माणसं चराकडे वळली. फावडी निघाली. पहिली गोणी काकांनी ओढली, दुसरी फूटपट्टीनं. पाणी धो धो सुटलं!

"शाबास रे पोरांनो! जमीन वाचवलीत!" काका म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फूटपट्टी चिखलातल्या आपल्या पायांकडे बघत राहिली.

शनिवारी तिनं वहीतले तीन आकडे खोडले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, 'मोजलं नाही'. खाली सही केली. मग टेप सोडला. मावशी मागे येऊन उभी होती.

डुबुक.

"दोन फूट सहा," भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला. "चारच इंच उतरलं. तीन फूट लिही ना. मावशीला बरं वाटेल."

फूटपट्टीनं 'दोन फूट सहा इंच' लिहिलं.

मावशीनं तो आकडा वाचला, टेपची वाटी पदराला पुसली आणि तिच्या हातात दिली.

"पुढच्या शनिवारी लवकर ये. मीही येते बरोबर."