पहिली फुंकर

मिस्त्रींचं काम म्हटलं तर सुतारकी, म्हटलं तर गाडीच्या डिकीत ढग गडगडवणं. सब-वूफरसाठी जाड प्लायवूडचे खोके ते घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बनवत. खोक्याला पुढून दोन भोकं, मोठं स्पीकरचं आणि लहान हवेचं. लहान भोकातून आत एक पाईप जायचा. त्या पाईपची लांबी जमली की आवाज असा घुमायचा, की मागच्या सीटवरच्या माणसाच्या पोटात गोळा यावा. चुकली की नुसती घरघर.

लांबी जमवायची मिस्त्रींची रीत वेगळीच होती. स्पीकर बसवण्याआधी त्याच्या भोकावर फळी ठोकायची आणि बायकोला हाक मारायची. ती ओले हात पुसत यायची आणि रिकाम्या बाटलीवर घालतात तशी एक लांब फुंकर पाईपच्या तोंडावर घालायची. खोका हुंकारायचा. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे, मग पाईप बोटभर कापायचे नाहीतर वाढवायचे.

"तुम्हाला काय स्वतःचं तोंड नाही?" ती म्हणायची.

"आहे की. पण मी फुंकत बसलो तर ऐकणार कोण?"

पुढे तिला दम्याने गाठलं आणि मिस्त्रींनी हाक मारणं सोडलं. जिना राहू द्या, एक वाक्य पुरं करताना तिच्या नाकी नऊ यायचे. तिच्या छातीतली शिट्टी मागच्या खोलीपर्यंत ऐकू यायची. ती थांबली की मिस्त्रींची करवत थांबायची. पुन्हा सुरू झाली की जीव भांड्यात पडायचा. तिच्याशिवाय त्या माणसाला दुसरं होतं तरी कोण?

एका व्हॅनवाल्या गिऱ्हाइकाचा खोका मात्र हट्टाला पेटला. पाईप बदलून झाला, सांधे पुन्हा भरून झाले, पण घुमायचं नाव नाही. एका दुपारी मिस्त्री खोक्याला शिव्या घालत बसले असताना बायको दारात येऊन उभी राहिली.

"सरका. मी बघते."

"वेड लागलंय का? श्वास घेता येत नाही आणि म्हणे फुंकर!"

"एकच हो. घरात बसून बसून गंजले मी."

ते उठेपर्यंत ती वाकलीसुद्धा. फुंकर निघाली ती संपेचना. एवढी हवा त्या छातीत होती कुठे? खोका हुंकारला, खोल आणि मऊ. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारा भुसा जागच्या जागी थबकला. मग ती ताठ उभी राहिली. शिट्टी थांबली होती. मिस्त्री तिला धरायला धावले, पण तिचे गाल गुलाबी झाले होते.

"बरं वाटतंय," ती हसून म्हणाली. "हलकं हलकं."

त्या दिवसापासून घर जणू झोपेत हसत होतं. ती जिना चढायची, चादरी पिळायची, गाणं म्हणायची, ओळीमागून ओळ, मध्ये कुठेही न थांबता. औषधाचा पंप खिडकीत धूळ खात पडला. मिस्त्री तर आनंदाने वेडे व्हायचे बाकी राहिले.

खटकत होता तो फक्त खोका. हवा कुठून निसटते ते बघायला मिस्त्री टिश्यू पेपरची पट्टी समोर धरत. अजून स्पीकर नव्हता, तार नव्हती. तरी पाईपसमोर पट्टी हळूच आत ओढली जायची, हळूच बाहेर यायची. पत्रा तापतो, हवा फुगते, असं त्यांनी मनाला सांगितलं. सुखातला माणूस स्वतःची समजूत लवकर घालतो.

व्हॅनवाला आला, स्पीकर बसवून खोका घेऊन गेला. व्हॅन वळणाआड गेली तेव्हा बायको गात गात कपडे वाळत घालत होती.

काही दिवसांनी, अशाच एका दुपारी, ती झोपली होती. मिस्त्रींना वाटलं, खोलीत काहीतरी कमी आहे. ते कॉटवर टेकले. खिशात पट्टी होती. सहज, अगदी सहज, त्यांनी ती तिच्या नाकासमोर धरली.

पट्टी हलली नाही.

तिचा हात उबदार होता. मनगटात ठोका चालू होता. पट्टी हलली नाही.

"काय बघताय?" डोळे न उघडता ती म्हणाली. तेव्हाही पट्टी हलली नाही.

फोन वाजला. व्हॅनवाला होता.

"मिस्त्री, आवाज एक नंबर! पण एक सांगू का? गाडी बंद असली तरी त्या भोकातून वारा येतो हो. मागे बसणाऱ्यांच्या मानेला गार लागतं."

"लागू दे." मिस्त्री चपला शोधू लागले. "हात लावू नका. मी आत्ता येतो. कुठे आहात तुम्ही?"

"कशाला धावपळ करताय? फडकं कोंबलं मी, चांगलं घट्ट. बंद झाला बघा वारा."

"काढा ते! आधी काढा!"

फोन कट झाला होता.

बायको उठून बसली होती. तिचा हात गळ्याशी होता.

"अहो," ती म्हणाली, "जरा खिडकी उघडता का?"

खिडकी उघडीच होती.