पलीकडच्या काकूंचं नाक

उन्हं कलायला लागली तशी धाकटी बाबांना आणायला निघाली. काम थोरलीचं होतं, पण तिने नेहमीसारखं ते हिच्या गळ्यात टाकलं. "तुझं ऐकतात ते," थोरली म्हणाली. बाबा कुणाचंच ऐकत नाहीत हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. पण घरात चिडकी एकच असली की सगळी नकोशी कामं आपोआप तिच्याकडे येतात.

बाबा जुन्या गल्लीत परत गेले होते. चक्कर मारून येतो म्हणाले आणि थेट तिकडेच जाऊन बसले.

ती गल्ली कातडी कमावण्याच्या कारखान्याला लागून होती. कारखाना बंद पडला, गल्लीतली माणसं उठवून दुसरीकडे नेली, पण गाळाने भरलेल्या टाक्या जिथल्या तिथे राहिल्या. उपाय म्हणून मध्ये उंच भिंत घातली, भिंतीला हिरवा रंग दिला आणि प्रदूषण आटोक्यात आल्याचं जाहीर करून टाकलं. भिंत बघून वारा काही मागे फिरला नाही.

गल्लीची एक रीत होती. पलीकडच्या काकू सकाळ-संध्याकाळ दारात यायच्या, मान वर करून हवा हुंगायच्या आणि खणखणीत आवाजात सांगायच्या, "बंद", नाहीतर "उघडा". त्या एका शब्दावर गल्लीतल्या सगळ्या खिडक्या हलायच्या. चुन्याचा वास कुठला, नाल्याचा कुठला, धुराड्याचा कुठला, काकूंना डोळे मिटून कळायचं. पुढे पुढे "बंद" ऐकूच येईना. रोज "उघडा". हवा सुधारली म्हणून मोठी माणसं खूश.

सुधारलं काहीच नव्हतं. काकूंचं नाक मेलं होतं.

धाकटी तेव्हा कॉलेजात होती. तिने काकूंना डोळे मिटायला लावून करपलेल्या दुधाचं भांडं त्यांच्या नाकाशी धरलं. काकू म्हणाल्या, "पाणी का हुंगायला देतेस गं?" हे तिने सगळ्यांना सांगितलं, तर बाबांनी तिलाच झापलं. मोठ्यांच्या परीक्षा घेतेस? गल्ली खिडक्या उघड्या टाकून खोकत राहिली. एकेक घर आजारी पडलं. काकूही त्यातच गेल्या.

आता धाकटी हवा तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. कमरेला वायू मोजायचं छोटं यंत्र असायचं. मास्क मात्र पिशवीत घरीच राहिला होता. बापाला आणायला जाताना कोण मास्क घेतं?

गाडीवाल्याने गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवली. "मी आत येत नाही ताई. इंजिन चालू ठेवतो."

"घाबरलात?"

"वास मारतोय."

वास होताच. कुजलेल्या अंड्यांचा, घशात उतरणारा. नाकाला ओढणी लावून ती झपाझप चालत गेली. दोन्ही बाजूंच्या दारांना कुलपं होती. खिडक्या बंद, काचांवर पिवळट थर. चिमणी तर सोडाच, माशीसुद्धा नव्हती.

त्यांच्या जुन्या घराचा जिना चढून ती वर आली. बाबा उघड्या खिडकीशी खाटेवर बसले होते, हात मांडीवर ठेवून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

"आलीस? बस."

"बसायला नाही आले. चला. आणि ही खिडकी कुणी उघडली?"

"मीच. काकू म्हणाली उघडा."

"बाबा, काकू गेल्या."

"मला सांगतेस? शेवटी मीच होतो तिच्याजवळ." ते शांतपणे म्हणाले. "आवाज येतो, म्हणून उघडली. शेजारधर्म आहे."

धाकटीचं डोकं तडकलं. "आयुष्यभर त्या नाकावर विसंबलात, आता नाक नाही तर नुसत्या आवाजावर विसंबा. तुम्हाला एकदा तरी स्वतःला काही कळणार आहे का?"

बाबा हसले. हसताना त्यांना धाप लागली. "बाहेर ऐक तरी..."

तिने ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण खाली, गल्लीच्या त्या टोकाला, एक कडी सरकली. गंजलेली कडी सरकताना होते तशी करकर. मग शेजारची. मग तिच्या अलीकडची. कुलूप घातलेल्या घरांतून, आतून, एकेक खिडकी उघडत येत होती... अगदी सावकाश, जशी माणसं जेवण उरकून निवांत उघडतात तशी.

वारा असेल, असं तिने मनाशी म्हटलं. खोलीतला पडदा हलत नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं की वास येत नाहीये.

याचा अर्थ तिला पाठ होता. हा वायू वाढला की आधी नाक मारतो. वास गेला म्हणजे हवा सुधारली असं नाही, आता पळायचं. नव्या पोरांना ती हेच शिकवायची. पण ते सगळं आता तिला दुसऱ्याच कुणाबद्दल वाचल्यासारखं वाटत होतं. कमरेचं यंत्र किंचाळत होतं, तेही शेजाऱ्यांच्या घरात वाजत असल्यासारखं. पाय जड झाले. ती खाटेच्या कडेवर टेकली. दोन मिनिटं बसू, मग निघू. घाई काय आहे...

जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं. संधिप्रकाशात आकार नीट कळेना. मान तेवढी वर केलेली.

"उघडा..." अगदी हळू, कानाशी बोलल्यासारखं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. चीड मात्र आली, जुनी, ओळखीची, आणि त्या चिडीनेच तिला उभं केलं. अंधारून आलेल्या डोळ्यांनी तिने हात लांब केला. हाताला हात लागला. तो घट्ट धरून ती जिना उतरली.

सगळी वाट ती तोंडातल्या तोंडात बडबडत होती. "चला. मुकाट्याने चला. तुमचं ऐकून ऐकून अख्खी गल्ली गेली. आता माझं ऐका." मागचा हात गार होता, हलका होता, ओढेल तसा येत होता. बाबा पहिल्यांदाच उलट बोलत नव्हते. वरून कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. तिने मागे पाहिलं नाही.

गाडीवाला धावत आला. "ताई, बाबा कुठेत?"

"हे काय," ती म्हणाली आणि वळली.

मागे गल्ली होती. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

अग्निशमनवाले मास्क लावून वर गेले आणि त्यांनी बाबांना खाटेवरून उचलून आणलं. ते वाचले. दवाखान्यात दोघांना शेजारी-शेजारी ठेवलं, खिडकीकडची खाट तिची. धाकटीला ना वास येत होता, ना रडू. उजवा हात मनगटापासून बधिर होता. बोटं कशाभोवती तरी वळल्यासारखी अर्धी मिटलेली, सरळच होईनात. वायूचा परिणाम आहे, उतरेल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी नाकावरची नळी बाजूला केली.

"एक विचारू? रागावू नकोस."

"बोला."

"मी एवढ्या हाका मारल्या..." त्यांना दम लागला. "मला तिथंच सोडून तू काकूला का गं घेऊन आलीस?"

परिचारिका दिवे लावून गेली. बाबांनी डोळे मिटले. बाहेर शहराचा धूर काचांना टेकून थांबला होता.

थोड्या वेळाने तिच्या त्या बधिर हाताला पहिल्यांदाच काहीतरी जाणवलं. कुणीतरी तो खिडकीकडे ओढत होतं. अगदी हलकेच.