दोनशे बाराचा उगम

"दमानं घ्या, बाई. घाईनं तापवलं की थर्मामीटर खोटं बोलतंय."

जिनप्पाअण्णांचा हा आवाज कुमुदिनीबाईंच्या कानात सदतीस वर्षं मुक्कामाला होता. सांगलीच्या कॉलेजातल्या रसायनशाळेत अण्णा शिपाई होते. काचेची नळी धुतली की लेकराचं तोंड पुसावं तशी पुसायचे. अण्णा गेले, रसायनशाळा पाडून तिथं नवी इमारत उभी राहिली, आवाज तेवढा राहिला. एरवी तो हलका असायचा. आज, २०४१ सालच्या मार्चातल्या या गुरुवारी, सकाळपासून तो चढत चालला होता.

कारण आज रेश्मा यायची होती, आणि कोणत्या संयुगासाठी ते तिनं आधीच फोनवर सांगितलं होतं.

रेश्मा तांबोळी ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रक्रिया-रसायनज्ञ होती. आणि बाई निवृत्तीनंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ-सल्लागार म्हणून बसत. रसायनशास्त्रातलं काय कुठं छापलंय, कोणत्या संयुगाची कोणती नोंद कोणत्या माहितीकोशात सापडेल, ते त्या लोकांना शोधून देत. तरुणपणी त्यांनी शोधनिबंधांच्या सारांशांचे उशीएवढे जाड खंड चाळले होते, रेणुसूत्रावरून पान, पानावरून शोधनिबंध. पुढं संगणक आला, आणि आता दोन महिन्यांपासून ग्रंथालयात 'उगम' आला होता.

नाव बाईंनीच सुचवलं होतं. आटपाडीच्या माळावर मेंढरांमागं चालताना त्यांची आई म्हणायची:

*पाण्या रं पाण्या, तुजा उगम सांग मला*
*कोन्या डोंगराच्या पोटी, पयला पाझर फुटला*

उगमचं काम तेच. काचेच्या टेबलावर बोटानं रेणूची आकृती काढायची, हवा तो गुणधर्म विचारायचा. जुने कोश आकडा द्यायचे आणि खाली संदर्भांची रांग लावायचे. रांग लांब दिसली की माणसाचा विश्वास बसे. उगम त्या रांगेतून उलटा चालत जाई. कुणी कुणाचा आकडा उचलला, त्यानं कुणाचा उचलला, असं करत तो थेट पहिल्यांदा मोजणाऱ्या माणसापर्यंत पोचे. मोजणारा हयात असला तर त्याची साक्ष मागे.

दोन महिन्यांत बाईंनी शेकडो रेणू त्या काचेवर काढले होते. एक सोडून.

"आले बघा, मॅडम!" रेश्मानं हेल्मेट टेबलावर ठेवलं. "आमच्या साहेबांना वाटतंय मी इथं एसी खायला येते. म्हटलं, तुम्हीच चला की एकदा, मॅडम तुम्हालाही संदर्भ शोधायला बसवतील."

"घाबरले असतील."

"घाबरतील नाहीतर काय! वर्गात तुमचं ते एकच. 'डोळ्यांनी बघा, मग लिहा.' अजून स्वप्नात येतं."

बाई हसल्या. हसू ओठांवरच राहिलं.

रेश्मानं बोटानं रेणू काढला. षटकोन, दोन नायट्रो गट, बाजूला एक शेपटी. पिवळं धमक संयुग, बियाण्यांवर लावायच्या नव्या औषधाचा कच्चा माल. कारखान्यात ते पहिल्यांदाच क्विंटलांनी बनणार होतं आणि वाळवायचं होतं. किती तापमानाला त्याचं विघटन होतं, म्हणजे ते करपून फसफसून वायू सोडतं, एवढाच प्रश्न होता. चिमूटभर असलं तर धूर होतो. दोनशे किलो बंद ड्रायरमध्ये असलं तर छप्पर राहत नाही.

"विघटन दोनशे बारा अंश. तीनशे अकरा संदर्भ," रेश्मानं वाचलं. "बघा, शंभराच्या वर संदर्भ असले की आमच्याकडं पुन्हा चाचणी नाही. ड्रायर एकशे सत्तरला ठेवणार. चाळीस अंशांची मोकळीक, भरपूर झाली."

मग काचेवर धागे उलटे धावू लागले. तीनशे अकरा ठिपके शंभरांत मिटले, शंभर वीसांत, वीस तिघांत, आणि शेवटी एकच ठिपका उरला. पीएच.डी.चा प्रबंध, सन २००४. कु. हि. वाघमोडे.

"अगं बाई! मॅडम, हे तुम्हीच की!" रेश्मानं टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावरच्या एकानं मान वर केली. "सगळं जग तुमच्या आकड्यावर चाललंय आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

काचेवर प्रश्न उमटला होता. *हे मापन आपण स्वतः केले का?* खाली तीन चौकोन: केले. केले नाही. आठवत नाही.

बाईंना सगळं आठवत होतं. चिमूटभरच उरलेली पिवळी पूड, केसासारख्या नळीत भरलेली, नळी तेलात, तेल बर्नरवर. दारात टंकलेखक येऊन उभा राहिला. शेवटचं प्रकरण संध्याकाळपर्यंत हवं म्हणाला. पानं, आकृत्या, तळटिपा, बोलण्यात वेळ गेला. परतल्या तेव्हा नळी काळी ठिक्कर पडली होती आणि पारा दोनशे बारावर होता. पुन्हा करायला पूड नव्हती, पुन्हा बनवायला तीन आठवडे नव्हते. "बघितलंत न्हवं?" अण्णांनी विचारलं. "हो," त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं. खोटा आकडा थोडाच होता तो? पाऱ्यानं दाखवलेलाच होता. इतकी वर्षं त्या स्वतःला हेच समजावत आल्या होत्या, आणि वर्गात मुलांना सांगत आल्या होत्या, डोळ्यांनी बघा.

त्यांचं बोट पहिल्या चौकोनाकडं गेलं नाही. दुसऱ्याकडंही नाही. ते तिसऱ्यावर टेकलं.

*धन्यवाद,* उगमनं लिहिलं. *शंभरांतील एकसष्ट मूळ साक्षीदारांना आठवत नाही. संदर्भसंख्या पुरेशी आहे. आकडा ग्राह्य.*

एकसष्ट! बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यातले विसरलेले किती, आणि आपल्यासारखे किती? केवढी औषधं, केवढे कारखाने अशा खाली घातलेल्या मानांवर उभे असतील?

"चालायचंच, मॅडम," रेश्मा समजुतीनं म्हणाली. "इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवणार? आणि तीनशे अकरा जण काय सगळेच चुकतील?"

"ते तीनशे अकरा नाहीत गं," बाई पुटपुटल्या.

"काय?"

"काही नाही. तुमचा ड्रायर कधी लागणार?"

"सोमवारी. पहिली खेप मीच लावणार. ड्रायरशेजारी दुसऱ्या कुणाला उभं करायला मला धीर नाही होत, सगळी नवी पोरं आहेत." तिनं हेल्मेट उचललं. आतल्या पट्टीवर तिच्या मुलीनं चिकटवलेलं कागदी फूल होतं, घामानं विटलेलं. "येते हं मॅडम. पेढे आणते पुढच्या आठवड्यात."

ती दारापर्यंत पोचली. बाई बसून होत्या. मान, निवृत्तीच्या दिवशीचा तो सत्कार, मुलांची ती मायेची टिंगल, सगळं एका शब्दासरशी जाणार होतं. काचेचं दार उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं.

"रेश्मा, थांब!"

वाचनालयातल्या सगळ्या माना वळल्या. बाई उभ्या राहिल्या, टेबलाची कड घट्ट धरून.

"ड्रायर लावू नकोस. मला आठवतंय. पहिल्यापासून आठवतंय. तो आकडा मी मोजलेला नाही."

रेश्मा परत आली. तिनं हेल्मेट पुन्हा टेबलावर ठेवलं आणि बाईंकडं पाहिलं, आणि त्या बघण्यापुढं बाईंना आपलं वय, आपली पदवी, अंगावरचं नीटनेटकं पातळ, सगळं परक्याचं वाटलं.

"मग?" रेश्मानं हळूच विचारलं. "मग ते खरं कितीला फुटतं, मॅडम?"

"माहीत नाही. मला नाही, त्या तीनशे अकरांना नाही, जगात कुणालाच नाही. दीडशेला मी पाठ फिरवली, रेश्मा, आणि दोनशे बाराला परत आले. मधलं मी पाहिलंच नाही."