शेवटचं कोण?

पावाच्या रांगेत पाऊस आला, की मातांसास गावची माणसं रांग मोडत नाहीत, फक्त पांगतात. कुणी औषधाच्या दुकानाच्या छपराखाली जातं, कुणी समोरच्या ओट्यावर. रांग मात्र डोक्यात शाबूत असते. नव्यानं येणाऱ्यानं एकदाच मोठ्यानं विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं. तो चेहरा लक्षात ठेवायचा, की झालं. मग खुशाल कुठंही जाऊन उभं राहावं, तुमचा नंबर त्या चेहऱ्याच्या मागे पक्का.

त्या दुपारी हात वर केला इदाल्मिसनं.

विचारणारा उंच, किडकिडीत आणि निथळत असलेला होता. डोक्यावर धरलेल्या वर्तमानपत्राची शाई त्याच्या कपाळावर उतरली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"राहिला ना चेहरा लक्षात?" ती म्हणाली.

"थोडा वेळ लागेल. मी जरा विसराळू आहे."

"पाव संपेल तोवर."

"संपू दे. तुम्ही पुढे, मी तुमच्या मागे. नियमच आहे तो."

"नुसते मागे आहात, की मागे लागलाय?"

तो हसला. तीही हसली, आणि सवयीनं तिचा हात तोंडावर गेला. इदाल्मिसचा वरचा एक सुळा बाकीच्या दातांची रांग मोडून पुढे घुसलेला होता. शाळेपासून ती त्याला असा हाताआड ठेवत आली होती.

छपराखाली त्या वेळी आदल्या संध्याकाळच्या एका सिनेमावर वाद रंगला होता. नायक चांगला की खलनायक, असा. निथळणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं मत देऊन टाकलं: नायक ठीक आहे, पण त्याचे वरचे दात त्याचे स्वतःचे नाहीत, म्हणून रडताना तो ओठ मिटून रडतो. सगळे त्याच्याकडे वळले. मग कळलं, की हा एलिएसेर, सरकारी दवाखान्यात कवळ्या बनवतो, आणि सिनेमात आधी माणसांचे दातच बघतो.

असं मत इदाल्मिसनं आजवर ऐकलं नव्हतं, आणि मतं हाच तर तिचा धंदा होता.

तिच्या घराची पुढची खिडकी म्हणजे गल्लीचं सिनेमागृह. दर आठवड्याला एका हार्डडिस्कवर जगभरच्या सिनेमांचा, मालिकांचा गठ्ठा यायचा. लोक गजांतून पेनड्राइव्ह आत सरकवायचे, ती हवं ते भरून द्यायची. तिची अट एकच: आधी मागच्या सिनेमावर मत द्यायचं, मग नवा मिळेल. लोकांना वाटे, पोरीला सिनेमाचं काय वेड आहे. खरी गोष्ट अशी होती, की घरात टीव्ही एक आणि तो आईचा. आई जेवण झाल्या झाल्या डोलखुर्चीत बसायची ती परदेशी मालिकेतल्या सासूला शिव्या घालत झोपेपर्यंत उठायची नाही. कॉम्प्युटरवर दिवसभर भरणं-पुसणं चालू. इदाल्मिसनं एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिल्याला जमाना लोटला होता. पहिल्या गिऱ्हाइकाचं मत ती दुसऱ्याला विकायची, दुसऱ्याचं तिसऱ्याला. आणि गल्ली म्हणायची, इदाल्मिस सांगेल तोच सिनेमा न्यावा.

गिऱ्हाइकाच्या मताला किती वजन द्यायचं, हे तिला पाठ होतं. शेजारच्या नेरेइदाबाई खूप रडले म्हणाल्या, तर त्यातलं निम्मं रडणं वजा करायचं, कारण त्या जाहिराती पाहूनही रडत. ट्रक चालवणारे फर्मीनकाका कुठल्याही सिनेमाला "बरा आहे" म्हणत. म्हणजे सुरुवातीलाच झोप लागली. आणि जो नुसतं "छान होता" म्हणेल, त्यानं पाहिलेलाच नाही, हे नक्की. हे शेवटचं ती ओस्वाल्दोकडून शिकली होती. ओस्वाल्दोला तिचं सगळंच छान वाटायचं: तिचा आवाज, तिची कॉफी, तिचा सुळासुद्धा. पुढं कळलं, की कोलोन गावी त्याची बायको आहे, आणि तिचंही त्याला सगळं छानच वाटतं. त्यानंतर इदाल्मिसनं मनाशी ठरवलं होतं, माणूस एक वेळ रूपानं डावा चालेल, बोलणं खरं पाहिजे.

एलिएसेर शुक्रवारी खिडकीशी आला. मग प्रत्येक शुक्रवारी.

तो कधीही "छान होता" म्हणाला नाही. तो म्हणायचा, त्या घरमालकिणीच्या एप्रनच्या खिशात कांदा होता, पाहिलात ना? भाडेकरू आला की ती खिशात हात घालून डोळ्याला लावायची. इदाल्मिस मान डोलवायची. हो, तो कांदा... पाहिला ना. तो म्हणायचा, मला नायिकेपेक्षा तिची बहीण आवडली, ती चहा देताना कानाचा कप आपल्याकडे ठेवायची आणि कान तुटलेला पाहुण्याला द्यायची, अशी माणसं प्रामाणिक असतात. इदाल्मिस म्हणायची, मग मला कुठला कप दिला असता तुम्ही? तो म्हणायचा, मी तुम्हाला कपच दिला नसता, बशीतून पाजली असती कॉफी... म्हणजे लवकर संपली नसती.

आईची कॉफी तिनं त्याला द्यायला सुरुवात केली तेव्हा आईनं मालिकेवरची नजर न हलवता विचारलं, की हा सिनेमाला येतो की कॉफीला. इदाल्मिस म्हणाली, मत द्यायला येतो. आई म्हणाली, मत देणाऱ्याचे कान इतके लाल होत नाहीत.

शुक्रवार आला की ती केस धुऊन बसायची. इतकं बारीक पाहणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं तिला वाटायचं. आणि त्याच्यासमोर ती स्वतः मात्र न पाहिलेल्या कांद्याला मान डोलवत होती.

त्या शुक्रवारी विषय होता 'मिठागरातली नवरी'.

"शेवट तुम्हाला पटला?" इदाल्मिसनं विचारलं.

एलिएसेरनं गजांवर हात ठेवला. "शेवटी ती मिठाच्या ढिगावर चढते ना... लग्नाच्या कपड्यांत. पांढऱ्यावर पांढरं. आधी कळतच नाही की तिथं कुणी आहे. फक्त तिचे केस दिसतात. तिथं मला..."

"मलाही," ती हळूच म्हणाली. "मला तर रडूच आलं."

ती बाहेर पाहत होती, तो आत. तेवढ्यात मागून नेरेइदाबाईंनी पेनड्राइव्ह गजांवर टकटक वाजवला.

"पोरी, हे घे. तुझ्या अटीप्रमाणे मत देते. माणूस भला आहे, निळा शर्ट त्याला शोभतो. पिंजऱ्याला जाळी बारीक घ्यावी हेही पटलं. पण मादी दर महिन्याला वितेच म्हणतो, ते काही मला खरं वाटत नाही."

"कसली मादी?" इदाल्मिसनं विचारलं.

"सशाची. आणि बाई गं, एवढा वेळ डोळ्यात तेल घालून बसले, ती नवरी कधी येते?"

इदाल्मिसनं कॉम्प्युटरवरची 'मिठागरातली नवरी' उघडली. निळ्या शर्टातला एक शेतीतज्ज्ञ सशाला कानांनी उचलू नये असं सांगत होता. गठ्ठ्यात कुणीतरी नावं उलटीसुलटी लावली होती. नवरी नव्हती आणि मीठही नव्हतं. ससे मात्र भरपूर.

नेरेइदाबाईंनी एलिएसेरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न रडता त्या तिथून निघून गेल्या.

एलिएसेरचे कान लाल झाले होते. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि इदाल्मिसनं खिडकी लावून घेतली.

तिला राग आला होता, पण नेमका कोणाचा, ते तिला कळेना. ओस्वाल्दोच्या जातीचाच निघाला हा, नुसता कारागीर चांगला, असं ती भांडी घासताना म्हणायची. मग आठवायचं, की रडू तर आपल्यालाच आलं होतं, सशांना पाहून. पुढच्या शुक्रवारी तिनं केस धुतले. तो आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी धुतले नाहीत, तरीही तो आला नाही. गिऱ्हाइकं मतं देत होती, ती ऐकत होती, पण कुठल्याच सिनेमात आता कुणाच्या खिशात कांदा सापडेना.

शेवटी आईच म्हणाली, "दात दुखतोय का तुझा?"

"नाही."

"मग दुखव."

दवाखान्याच्या बाकांवर माणसं बसली होती. इदाल्मिसनं दारातूनच विचारलं, "शेवटचं कोण?" एका आजोबांनी हात वर केला. आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. आपला आवाज आत कुणी ओळखला, हे तिला न पाहताच कळलं.

तिची पाळी आली. पांढऱ्या कोटातला एलिएसेर भांड्यात गुलाबी लगदा घोटत होता.

"काय होतंय?" त्यानं भिंतीला विचारल्यासारखं विचारलं.

"हा सुळा सरळ करायचाय."

त्याचा हात थांबला. मग त्यानं साच्यात लगदा भरला, तिला तोंड उघडायला सांगितलं आणि साचा वरच्या दातांवर दाबून धरला.

"आता घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही. हलायचंही नाही."

तिनं डोळ्यांनीच बरं म्हटलं. त्याच्या बोटांना लवंगेचा वास येत होता. आणि मग तिच्या लक्षात आलं, की या माणसानं स्वतःला हवी तशी संधी साधली आहे.

"माझा टीव्ही जळलाय," तो म्हणाला. "तुम्हाला भेटायच्या आधीच. लाईट गेली, आली ती एकदम जोरात आली आणि धूर निघाला. रांगेत ज्या सिनेमावर बोललो ना, तेवढाच खरा, तोही भावाकडे पाहिलेला. नंतरचा एकही पाहिलेला नाही. तुम्ही भरून द्यायचात, मी घरी जाऊन नाव वाचायचो. मग आठवडाभर इथं कवळ्या घासताना विचार करायचो, की या नावाच्या सिनेमात काय असेल... तर इदाल्मिसला हसू येईल. कांदा माझ्या आजीच्या खिशातला. कान तुटलेला कप माझ्याच घरात आहे. आणि ती मिठावरची बाई..." तो थांबला. "खिडकीत बसून तुम्ही केस वाळवता ना, मागं पांढरी भिंत असते... तेच. दुसरं काही मला सुचलं नाही."

"ऊं," इदाल्मिस म्हणाली.

"बोलू नका. अजून ओलं आहे. खोटं बोललो, कबूल. तुमच्या नियमात मतं खरी लागतात. म्हणून आलो नाही. देण्यासारखं खरं मत माझ्याकडे एकच होतं, आणि ते सिनेमावर नव्हतं."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं घाबरून विचारलं, की घशात तर नाही गेलं. तिनं मान हलवली. त्यानं साचा हलकेच सोडवून काढला. गुलाबी लगद्यात तिच्या दातांची रांग उमटली होती, आणि रांगेबाहेर उभा असलेला तो एक.

"हा दात सरळ करायचा असेल," एलिएसेर त्याकडे पाहत म्हणाला, "तर दुसऱ्या कुणाकडे जा. माझ्या हातून व्हायचं नाही."

इदाल्मिसनं हनुवटीवरचा लगदा पुसला. "मीपण नाही पाहिलेले," ती म्हणाली. "एकही नाही. टीव्ही आईचा आहे."

"म्हणजे कांदा..."

"कांद्याला मी मान डोलावली. नवरीसाठी रडले. तू ससे पाहून हळवा झालास, मीही झाले." तिला हसू फुटलं. 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, की एका दाताला एवढा वेळ लागतो, तर आमच्या अख्ख्या कवळीचं काय होणार.

आई रविवारी बहिणीकडे वाढदिवसाला गेली. जाताना टीव्हीचा रिमोट तिनं स्वतःच्या हातानं खुर्चीवर ठेवला, आणि हा त्याग लक्षात ठेव असं बजावलं. इदाल्मिसनं गठ्ठा आणणाऱ्याच्या मागे लागून खरी 'मिठागरातली नवरी' मिळवली होती. उजेड होता तोवरच ते दोन डोलखुर्च्यांत बसले. नवरी मिठावर चढलीच नाही. ती किनाऱ्यावर उभी राहिली. धुक्यातून एक होडी आली, होडीतून कुणीतरी उतरायला पाय खाली टाकला...

आणि लाईट गेली. सगळ्या गल्लीतून एकच सुस्कारा आला.

"आता? कोण उतरलं?" इदाल्मिसनं विचारलं.

"माहीत नाही," एलिएसेर म्हणाला.

"सुचव ना काहीतरी. तुला काय कठीण आहे?"

"नाही. आता जे पाहीन, तेच सांगेन."

संध्याकाळ खोलीत उतरली होती. त्याच्या खुर्चीचं डोलणं थांबलं, मग तिच्याही. खिडकीशी पावलं वाजली. लाईट येईल तेव्हा गर्दी नको, म्हणून फर्मीनकाका आधीच नंबर लावायला आले होते.

"शेवटचं कोण?" त्यांनी अंधारात विचारलं.

"मी," आतून एलिएसेर म्हणाला.

"बरं. मग मी तुझ्यामागे."

"नाही हो काका," इदाल्मिस म्हणाली. "याच्यामागे आता कुणी नंबर लावायचा नाही. हा शेवटचा."

फर्मीनकाकांनी गजांना नाक लावून आत, त्या खुर्चीकडे, नीट निरखून पाहिलं.

"बरा आहे," ते म्हणाले.

आज मात्र ते जागे होते. इदाल्मिस मोठ्यानं हसली. तिचा हात काही तोंडावर गेला नाही. तो मघापासून दुसऱ्याच्या हातात होता.