लाल गरुडाचं नाणं

"धर घट्ट, डूई. खिळा बरोबर मधोमध बसला पाहिजे," ऑरविलमामाने हातोडा सरसावला.

मामाच्या लॉन्ड्रीत एक फळी होती. गिऱ्हाइकाने खपवलेलं प्रत्येक खोटं नाणं तो तिच्यावर ठोकायचा. ठोकताना असा गरजायचा, की शेजारच्या गावातल्या गाई दूध द्यायचं थांबवत! आज पाळी होती पाव डॉलरच्या एका नाण्याची. चेहऱ्याची बाजू रुपेरी, पण गरुडाची बाजू तांब्यासारखी लाल. नाणं टाकून चालणारं धुलाईचं यंत्र ते दर वेळी थुंकून टाकत होतं.

आणि ते नाणं घेतलं होतं मार्लिसने. या सुट्टीत तिला पहिल्यांदाच गल्ल्यावर बसायला मिळालं होतं.

"खोटं नाणं घेणारा माझ्या गल्ल्यावर बसत नाही," मामा म्हणाला. "उद्यापासून तू लोकांचे मोजे जुळव."

"पण मामा, लाल रंगाचं खोटं नाणं कोण बनवेल? लांबूनच ओळखू येईल."

"तुला कुठे आलं?"

तिचा धाकटा भाऊ डूई फिसकन हसला. मार्लिसने त्याच्या बोटांतून नाणं हिसकावलं. "जरा थांब, मामा."

तिने पेन्सिलीवर पट्टी आडवी ठेवली. एका टोकाला नेहमीचं नाणं, दुसऱ्या टोकाला हे. लाल गरुड झपकन वर गेला.

"हलकं आहे. म्हणजे खोटंच," मामा म्हणाला.

"किंवा काहीतरी कमी आहे. डूई, दोन्हींच्या कडा बघ."

डूईने डोळे बारीक केले. "नेहमीचं नाणं सँडविचसारखं आहे. दोन्हीकडे रुपेरी, मधे तांबं. आणि ह्याचा एका बाजूचा पाव कुणीतरी खाल्लाय."

"खरवडला असेल," मामा गुरगुरला.

"मग गरुडाची पिसं कशी राहिली?" मार्लिसने भिंग पुढे केलं. पीस न् पीस कोरल्यासारखं दिसत होतं. "ठसा उमटायच्या आधीच वरचा रुपेरी पापुद्रा गेला होता. चूक टांकसाळीची आहे."

मामाचा हातोडा हवेतच राहिला. तिघंही धावत समोरच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. दुकानवाल्या व्हेस्टरबीबाईंनी नाणं तोललं, उलटसुलट पाहिलं, पुन्हा तोललं.

"ऑरविल, पोरगी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "टांकसाळीची अशी चूक दुर्मिळ असते; हे विकून तुला एक चांगलंसं जुनं धुलाईयंत्र घेता येईल. आणि तू ह्याला भोक पाडणार होतास?"

मामा कानांपर्यंत लाल झाला. "मार्लिस, गल्ला तुझा. माझ्यापेक्षा तुझी नजर पक्की."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची रांग पार रस्त्यावर गेली. मामा प्रत्येकाचं नाणं भिंगाखाली धरून बसला होता.

"मामा," मार्लिस गल्ल्यावरून म्हणाली, "लोक कपडे घेऊन ताटकळलेत. तू जरा मोजे जुळव."